समुद्रतळीचे प्रवाळ आणि पाणबुड्याचा श्वास

पोवळे हा शब्द आपल्या जिल्ह्यातील मुलांस नवा नाही. अंगठीतील तांबडा खडा, आजीच्या माळेतील मणी, वैद्याकडील प्रवाळभस्म, या रूपांनी तो खेड्यापाड्यांत पोहोचलेला आहे. परंतु पोवळे म्हणजे काय, असे वर्गात विचारल्यास बहुतेक मुले ‘दगड’ असे उत्तर देतील, व एखादा चौकस मुलगा ‘समुद्रातील झाड’ असे म्हणेल. दोन्ही उत्तरे बरोबर नाहीत. तथापि ती टाकाऊही नाहीत. पाठाचा आरंभ तेथूनच करावा.

प्रवाळ हा प्राणी आहे. मऊ पिशवीसारखे शरीर, वर तोंड व तोंडाभोवती बारीक शुंडांचे कडे, एवढीच त्याची रचना. हे इवले जीव एकमेकांस चिकटून वसाहत करून राहतात आणि समुद्रजलातील चुना घेऊन आपल्या बुडाशी कठीण वाटी बांधतात. जुने जीव मरतात, वाट्या उरतात व त्यांवर नवे जीव वाढतात. अशा रीतीने शेकडो, हजारो वर्षांत प्रवाळभित्ती उभी राहते. म्हणजे दगड म्हणणाऱ्याने घर पाहिले, घरमालक पाहिला नाही. झाड म्हणणाराही सर्वस्वी चुकला नाही. कारण या जिवांच्या शरीरात सूक्ष्म शैवाल राहते, ते सूर्यप्रकाशात अन्न तयार करते व त्यातील मोठा वाटा यजमानास देते. भित्ती बांधणारे प्रवाळ उथळ, उबदार व स्वच्छ पाण्यातच का वाढतात, याचे कारण यात सापडते. अलंकारातील तांबडे पोवळे मात्र निराळ्या जातीचे असून ते मुख्यतः भूमध्य समुद्रातून येते. घर चुन्याचेच असते हे दाखविण्यासाठी अंड्याच्या कवचावर लिंबाचा रस पिळावा. बुडबुडे निघतात. प्रवाळाचे घरही त्याच द्रव्याचे असते.

हे सर्व पाहण्यास परदेशी जावे लागत नाही. सिंधुदुर्ग जिल्ह्यात मालवणच्या किनाऱ्यालगत, शिवछत्रपतींनी १६६४ मध्ये ज्याचे बांधकाम आरंभिले त्या सिंधुदुर्ग किल्ल्याच्या परिसरात, खडकांवर प्रवाळ वाढतात. लक्षद्वीपासारखी सलग भित्ती येथे नाही. वसाहती तुकड्यातुकड्यांनी आहेत. १९८७ मध्ये येथील सुमारे २९ चौरस किलोमीटर क्षेत्र सागरी अभयारण्य म्हणून घोषित झाले. विजयदुर्गापासून पश्चिमेस सुमारे शंभर किलोमीटरवर भर समुद्रात एक बुडालेले पठार आहे. त्याचा माथाही पाण्याखाली सुमारे २० मीटरवर असून त्यावर प्रवाळांची समृद्ध वस्ती आहे. त्यास आंग्रिया बँक म्हणतात; सरखेल कान्होजी आंग्रे यांच्या घराण्याचे नाव असे समुद्राच्या पोटात राहिले आहे.

या वस्तीवर संकट आहे. पाणी नेहमीपेक्षा अंश-दोन अंशांनी अधिक तापून काही आठवडे तसेच राहिले, तर प्रवाळ आपल्या अंगातील शैवाल बाहेर टाकतात व पांढरेफटक पडतात. यास विरंजन म्हणतात. तेवढ्याने ते मरत नाहीत, उपाशी राहतात. पाणी लवकर निवले तर सावरतात, न निवले तर मरतात. १९९८, २०१० व २०१४ ते २०१७ या काळांत जगभर असे विरंजन झाले आणि २०२३ पासून ते चौथ्यांदा आढळले. मालवणच्या प्रवाळांतही विरंजनाची नोंद झालेली आहे. आपल्याकडे एका पावसाने दडी मारली तर पिकाची जी दशा होते, तिच्याशी याची तुलना करून सांगितल्यास मुलांस अधिक स्पष्टीकरणाची गरज पडणार नाही.

आता माणूस तेथे पोहोचतो कसा? दुर्योधन डोहात लपून राहिला ही कथा ऐकलेली मुले हा प्रश्न हमखास विचारतात, आणि पपईच्या पोकळ देठाची लांब नळी तोंडात धरावी, असा उपायही सुचवितात. उपाय चतुर आहे, पण चालत नाही. एक मीटर खोलीवर पाणी प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर सुमारे १०० ग्रॅम भार टाकते. छातीचा ३० सेंटीमीटर लांब व तितकाच रुंद भाग घेतला तर हा भार ९० किलो होतो. क्विंटलाला थोडाच कमी. एवढे ओझे छातीवर असता वरची साधी हवा आत ओढणे फुफ्फुसांच्या आवाक्यात नाही. म्हणून हवाच पाण्याइतक्या दाबाने पुरवावी लागते. दर १० मीटरला, म्हणजे विहिरीच्या सुमारे साडेपाच परसांना, दाब एक वातावरणाने वाढतो. १९४३ मध्ये फ्रान्समधील जॅक कुस्तो व एमिल गान्यां यांनी, जेवढी खोली तेवढ्या दाबाने व मागेल तेव्हाच हवा देणारी झडप पाणबुड्याच्या उपयोगास आणली. पाठीवर दाबलेल्या हवेची टाकी व तोंडात ही झडप, हेच स्कूबाचे मर्म होय.

या विद्येचा पहिला नियम असा की, श्वास कधीही रोखून धरू नये. १० मीटरवर भरून घेतलेली हवा पृष्ठभागी येईपर्यंत दुप्पट होते. तोंड मिटलेले असेल तर फुफ्फुस फाटते. दुसरा नियम, सावकाश वर यावे. दाबाखाली हवेतील नायट्रोजन रक्तात विरघळतो. सोड्याची बाटली एकदम उघडल्यावर जे होते तेच घाईने वर येणाऱ्याच्या रक्तात होऊ शकते; हा प्रयोग वर्गात अवश्य करावा.

येथे एक खुलासा आपल्या गावांच्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा आहे. विहिरीत बुडी मारणारा मुलगा वरची हवा घेऊन जातो. ती खाली आकुंचन पावते व वर येताना मूळ आकाराची होते. त्यामुळे त्याचे फुफ्फुस फाटत नाही. त्याचा धोका निराळा आहे. कोण अधिक वेळ बुडून राहतो ही पैज लावताना मुले आधी भराभर खोल श्वास घेतात. श्वास घेण्याची तळमळ प्राणवायू कमी झाल्याने नव्हे, तर मुख्यतः कार्बन डायऑक्साइड वाढल्याने होते. भराभर श्वासांनी तो आधीच निघून गेलेला असतो. मग तळमळ होत नाही, प्राणवायू मात्र संपत जातो आणि चांगला पोहणारा मुलगाही पूर्वसूचनेवाचून पाण्यातच बेशुद्ध होतो. काठावरच्या सोबत्यांस तो अजून पैज जिंकीत आहे असेच वाटते. उन्हाळ्याची सुट्टी लागण्यापूर्वी हा भाग वरच्या वर्गांस कारणासह शिकवावा. नुसती मनाई मुले पाळीत नाहीत, असा आपणा सर्वांचा अनुभव आहे.

शाळेची सहल मालवणास गेल्यास तारकर्ली येथे महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाची या विद्येची प्रशिक्षणसंस्था आहे. पावसाळ्यात बुड्या बंद असतात. बुडीपूर्वी प्रशिक्षकाचे प्रमाणपत्र पाहण्यास मागावे. त्यात संकोच नसावा. दमा, हृदयविकार, कानाचे दुखणे किंवा साधे पडसे असलेल्याने पाण्याखाली जाऊ नये. प्रवाळावर पाय देऊ नये, तुकडा उचलू नये. प्रवाळांस १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. खाली गेल्यावर तांबडा रंग प्रथम नाहीसा होतो, कारण पाणी तो प्रकाश आधी शोषून घेते. बॅटरीचा उजेड टाकताच तो परत दिसतो.

सातवीच्या गणितासाठी एक उदाहरण देतो. टाकीची पोकळी १२ लिटर, आतील दाब २०० वातावरणे. म्हणजे साधी हवा २४०० लिटर. पाणबुड्यास पृष्ठभागी मिनिटास २० लिटर हवा लागते. तेथे टाकी १२० मिनिटे पुरेल. १० मीटरवर दाब दुप्पट म्हणून ६०, २० मीटरवर ४० व ३० मीटरवर ३० मिनिटे. व्यस्त प्रमाणाचे याहून चांगले उदाहरण सहसा मिळत नाही. चतुर्थांश हवा परतीसाठी राखावयाची असल्यास २० मीटरवर किती वेळ थांबता येईल, हे मुलांनी काढावे. उत्तर ३० मिनिटे.