पन्नाशीनंतर स्नायूंची बेगमी

मेलबर्नमध्ये शेजारीशेजारी राहणारे दोन पुरुष डोळ्यांसमोर आणा. दोघंही ५२ वर्षांचे, दोघांच्याही कमरेचा घेर ९४ सेंटिमीटर. दोघंही सिगारेट ओढत नाहीत, रोज भाजी-फळं खातात, नेमाने चालायला जातात आणि दोघांच्याही घराण्यात मधुमेह नाही. एक इथेच जन्मलेला, इंग्रज-आयरिश वंशाचा. दुसरा पुण्याहून येऊन स्थायिक झालेला. ऑस्ट्रेलियात मधुमेहाचा धोका जोखायला 'ऑसडरिस्क' नावाची प्रश्नावली वापरतात. तिच्यात ४५ ते ५४ या वयाचे ४ आणि पुरुष असल्याचे ३, असे ७ गुण दोघांच्याही खात्यात पडतात. पहिल्याची बेरीज तिथेच थांबते. दुसऱ्याला भारतीय उपखंडात जन्मल्याचे आणखी २ गुण लागतात आणि कमरेचे ४, कारण आशियाई पुरुषांसाठी कमरेची मर्यादा ९० सेंटिमीटर धरली आहे, इतर बहुतेकांसाठी १०२. त्याची बेरीज होते १३. गुण १२ किंवा त्याहून अधिक झाले, की पुढच्या पाच वर्षांत टाइप-२ मधुमेह होण्याचा धोका जास्त मानला जातो.

आशियाई बायकांसाठी ही मर्यादा ८० सेंटिमीटर आहे. आई, वडील किंवा भावंडांपैकी कुणाला मधुमेह असेल, तर आणखी ३ गुण. आपल्यापैकी किती घरांत तो नाही?

आपल्या वाट्याला हे जास्तीचे गुण का येतात, याचं उत्तर पुण्यातच सापडलं. केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचाच दाखला दिला. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजनाचा आकडा, अगदी सारखा होता: २२.३. पण शरीरातली चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची भरली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. वजनकाट्यावर सारखी दिसणारी दोन शरीरं आतून इतकी वेगळी होती. आपली ठेवण अशी आहे: हातपाय बारीक, पोट थोडं पुढे, चरबी आत दडलेली आणि स्नायू मुळातच कमी. पन्नाशीनंतर हेच कमी असलेले स्नायू झिजू लागतात. म्हणून या वयात आपल्यासाठी वजन उतरवण्याइतकंच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्वाचं काम आहे ते स्नायू राखण्याचं आणि वाढवण्याचं. रोजचं चालणं चांगलंच, पण या कामाला ते पुरं पडत नाही.

स्नायू नेमकं काय करतात

आपण जेवतो, तेव्हा रक्तात उतरलेल्या साखरेचा मोठा वाटा स्नायू ओढून घेतात आणि ग्लायकोजेनच्या रूपात साठवतात. हे दार उघडायला एरवी इन्सुलिन लागतं. पण स्नायू आकुंचन पावत असताना, म्हणजे व्यायाम करताना, इन्सुलिनच्या मदतीशिवायही साखर पेशीत जाते. म्हणून जेवणानंतर दहा-पंधरा मिनिटं चालल्यानेही साखरेची उसळी कमी होते. पण साठवायची जागाच लहान असेल, तर उरलेली साखर रक्तात रेंगाळते आणि पुढे चरबीत जमा होते. ही जागा वाढवायची, तर स्नायूच वाढवायला हवेत.

पन्नाशीनंतर स्नायू वर्षाला सुमारे एक टक्का या गतीने घटतात आणि ताकद त्याहूनही वेगाने जाते. सगळ्यात आधी झिजतात ते जलद आकुंचन पावणारे तंतू. ठेच लागल्यावर झटकन पुढचं पाऊल टाकून तोल सावरण्याचं काम त्यांचंच. सत्तरीत माणूस पडतो आणि खुब्याचं हाड मोडतं, त्याची सुरुवात अशी वीस वर्षं आधी, काही दुखत-खुपत नसताना झालेली असते.

दिलासा असा, की स्नायू कोणत्याही वयात प्रतिसाद देतात. डॉ. मारिया फियातारोने सिंग यांनी बोस्टनमधल्या एका वृद्धाश्रमात नव्वदीच्या आसपासच्या दहा जणांना आठ आठवडे वजनं उचलायला लावली. पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हा अभ्यास १९९० साली प्रसिद्ध झाला. पुढे त्या सिडनी विद्यापीठात प्राध्यापक झाल्या. नव्वदीत जे साधतं, ते पन्नाशीत साधायला अडचण नसावी.

ताटातला हिशेब

स्नायू बांधायला प्रथिनं लागतात. ऑस्ट्रेलियातल्या शिफारशीनुसार ७० वर्षांपर्यंत बाईला रोज ४६ ग्रॅम आणि पुरुषाला ६४ ग्रॅम प्रथिनं हवीत. सत्तरीनंतर हेच आकडे ५७ आणि ८१ होतात. वय वाढलं की खाणं कमी करायचं, ही आपली समजूत, आणि इथे तर प्रथिनं वाढवायला सांगितली आहेत. वाढत्या वयातल्या पोषणाचा अभ्यास करणारे अनेक तज्ज्ञ पासष्टीनंतर वजनाच्या दर किलोमागे १ ते १.२ ग्रॅम सुचवतात. म्हणजे ६० किलोच्या बाईला ६० ते ७२ ग्रॅम.

आता आपला नेहमीचा शाकाहारी दिवस बघू. सकाळी चहा-बिस्किटं आणि बशीभर पोहे: ५-६ ग्रॅम. दुपारी दोन पोळ्या, बटाट्याची भाजी, वाटीभर पातळ वरण आणि भात: १५ ग्रॅम. संध्याकाळी चहा-चिवडा: ३ ग्रॅम. रात्री मुगाची खिचडी आणि पापड: १० ग्रॅम. एकूण ३५ च्या आसपास. पोट भरलेलं असतं, स्नायू मात्र उपाशी राहतात.

त्याच स्वयंपाकघरात हा दिवस असा बदलता येतो. सकाळी ६० ग्रॅम बेसनाची दोन धिरडी आणि वाटीभर दही: १९ ग्रॅम. दुपारी ५० ग्रॅम मटकीची (न भिजवता मोजलेल्या) घट्ट उसळ, दोन पोळ्या आणि ताक: २२ ग्रॅम. संध्याकाळी मूठभर फुटाणे: ६ ग्रॅम. रात्री ज्वारीची भाकरी आणि ७५ ग्रॅम पनीर घातलेली पालकाची भाजी: १८ ग्रॅम. बेरीज ६५. भात सोडला पाहिजे असं मुळीच नाही. वरण घट्ट करायचं आणि भाताचा ढीग अर्धा करायचा, एवढंच. अंडं खाणाऱ्यांना एका अंड्यातून ६ ग्रॅम मिळतात. शिजवलेल्या मासळीच्या १०० ग्रॅमच्या तुकडीतून वीसच्या वर ग्रॅम मिळतात.

प्रथिनं तिन्ही जेवणांत वाटून घेण्यालाही कारण आहे. तरुण वयात थोड्या प्रथिनांनीही स्नायू बांधायला लागतात. वय वाढलं की ते इतक्या सहजी जागे होत नाहीत, त्यांना एका वेळी २० ते ३० ग्रॅम लागतात. दिवसभर चहा-खारीवर काढून रात्री भरपेट जेवल्याने हे काम होत नाही. मूत्रपिंडाचा विकार असेल, तर मात्र प्रथिनं वाढवण्याआधी डॉक्टरांना विचारायलाच हवं.

दोन गोष्टी आणखी. पन्नाशीनंतर बाईला रोज १,३०० मिलिग्रॅम कॅल्शियम हवं. कपभर दुधातून ३०० च्या आसपास मिळतं. नाचणीच्या १०० ग्रॅम पिठात साडेतीनशेच्या घरात असतं. काट्यांसकट खायचे डब्यातले सार्डिन मासे इथल्या कुठल्याही सुपरमार्केटात मिळतात, तेही उपयोगी. दुसरी गोष्ट बी-१२. शाकाहारी माणसांत ते अनेकदा कमी असतं, त्यात मधुमेहावरच्या मेटफॉर्मिनच्या किंवा आम्लपित्ताच्या गोळ्या वर्षानुवर्षं चालू असतील तर आणखी घटतं. पुढच्या रक्ततपासणीत ते बघायला सांगावं.

वजन उचलायचं म्हणजे काय करायचं

ऑस्ट्रेलिया सरकारचा मोठ्या माणसांना सल्ला असा आहे: आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम दमाचा व्यायाम, आणि शिवाय निदान दोन दिवस स्नायू बळकट करणारा व्यायाम. आपण पहिलं वाक्य ऐकतो, दुसरं सोडून देतो.

सुरुवात खुर्चीपासून करा. भिंतीला टेकवलेल्या पक्क्या खुर्चीवर बसा, हात छातीवर घडी करून ठेवा आणि हातांचा आधार न घेता उठा-बसा. बसताना धपकन न टेकता तीन आकडे मोजत खाली जा, कारण या सावकाश उतरण्यातच स्नायूवर खरा ताण येतो. दहा वेळा सहज जमलं, की हातात दोन-दोन लिटर पाण्याच्या बाटल्या घ्या. तेही सोपं झालं, की डंबेल. हीच आपल्या तालमीतली बैठक, फक्त गुडघ्यांना झेपेल अशी.

त्याच्या जोडीला चार हालचाली पुरेत. ढकलणं: आधी भिंतीवर, मग ओट्यावर, मग जमिनीवर जोर काढायचे. ओढणं: दाराच्या कडीला बांधलेला रबरी पट्टा कोपरं मागे नेत ओढायचा. उचलणं: कंबर न वाकवता, खुब्यातून झुकून जमिनीवरची पिशवी उचलायची. आणि टाचा उचलून चवड्यांवर उभं राहायचं. सूर्यनमस्कार नेमाने घालणाऱ्यांना ढकलण्याचा व्यायाम आपोआप होतो आणि अंगही मोकळं राहतं. औंधच्या पंतप्रतिनिधींनी शंभर वर्षांपूर्वी त्यांचा प्रसार केला, तो वाया गेलेला नाही. मात्र त्यात ओढण्याची हालचाल नाही आणि वजन वाढवत नेण्याची सोय नाही. तेवढी भर वरच्या व्यायामांनी घालावी.

प्रत्येक हालचाल आठ ते बारा वेळा, असे दोन-तीन फेरे. वजन किती घ्यावं? शेवटच्या दोन वेळा कष्टाने पुऱ्या होतील इतकं. बारा वेळा गप्पा मारत होत असेल, तर वजन वाढवायची वेळ झाली. दोन दिवसांमध्ये ४८ तासांचं अंतर ठेवा, कारण स्नायू बांधले जातात ते विश्रांतीत. तोल सांभाळायला दात घासताना एका पायावर उभं राहा, एक हात बेसिनजवळ ठेवून.

हाडांनाही ओझं हवं

रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन घटतं आणि हाडांची झीज वाढते. हाडातल्या पेशी ताण ओळखतात. ताण पडला की हाड भरतं, न पडला की विरळ होतं. गोल्ड कोस्टच्या ग्रिफिथ विद्यापीठात प्रा. बेलिंडा बेक यांच्या चमूने हाडं विरळ झालेल्या १०१ बायकांवर 'लिफ्टमोर' हा प्रयोग केला. सगळ्याजणी ५८ च्या पुढच्या. निम्म्यांनी घरी हलका व्यायाम केला. उरलेल्यांनी आठवड्यातून दोनदा, अर्धा-अर्धा तास, तज्ज्ञांच्या देखरेखीखाली खरोखरच जड वजनं उचलली आणि उडी मारून पायांवर धक्का घेतला. आठ महिन्यांनी जड वजनं उचलणाऱ्यांच्या कमरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली होती, तर हलका व्यायाम करणाऱ्यांची १.२ टक्क्यांनी घटली होती.

हे घरी एकट्याने करायचं नाही. हाडं ठिसूळ झाल्याचं निदान असेल, तर पुढे खोल वाकायची आसनंही विचारूनच करावीत. अशा वेळी 'एक्सरसाइज फिजिऑलॉजिस्ट' गाठावा. मधुमेह, संधिवात असा दीर्घकाळचा आजार असेल, तर जीपीने आखून दिलेल्या योजनेतून वर्षाला अशा तज्ज्ञांच्या पाच भेटींना मेडिकेअरची मदत मिळते.

हाडांसाठी ऊनही लागतं. मेलबर्नमध्ये मे ते ऑगस्टपर्यंत यूव्ही निर्देशांक बहुधा ३ च्या खाली असतो आणि सावळ्या कातडीला 'ड' जीवनसत्त्व तयार करायला जास्त ऊन लागतं. म्हणून हिवाळ्यात चालायला पहाटे न जाता दुपारी जावं, बाह्या वर करून. निर्देशांक ३ किंवा वर गेला, की टोपी आणि सनस्क्रीन.

सोबत आणि तपासण्या

चालण्याला सोबत हवी असेल, तर शनिवारी सकाळी पार्करन आहे. ऑस्ट्रेलियात तो २०११ मध्ये गोल्ड कोस्टला सुरू झाला. बहुतेक राज्यांत आठला सुरुवात, क्वीन्सलँडमध्ये सातला. पाच किलोमीटर, फुकट, चालत गेलं तरी चालतं. सगळ्यांच्या मागे एक स्वयंसेवक चालतो, म्हणून शेवटून पहिलं येण्याचा संकोच कुणाला नको. मुलांकडे सहा महिन्यांसाठी आलेल्या आई-वडिलांनाही तिथे मज्जाव नाही. परक्या देशात दिवसभर घरात बसणाऱ्या आजी-आजोबांना याचा फार उपयोग होतो.

पन्नाशीनंतर आतड्याच्या कर्करोगाची तपासणी पेटी दर दोन वर्षांनी टपालाने घरी येते, ७४ वर्षांपर्यंत, विनामूल्य. २०२४ पासून ४५ वर्षांवरच्यांनाही ती मागवता येते. किळस वाटून ती कपाटात ठेवून देऊ नका. ५० ते ७४ वयाच्या बायकांना ब्रेस्टस्क्रीनचं बोलावणंही दर दोन वर्षांनी येतं, तेही फुकट.

छातीत दुखणं, चालताना वाजवीपेक्षा धाप लागणं, चक्कर, अनियंत्रित रक्तदाब यांपैकी काही असेल, तर व्यायाम सुरू करण्याआधी जीपीकडे जा. नसेल, तर याच आठवड्यात दोन दिवस ठरवा, सोमवार आणि गुरुवार म्हणा. वीस मिनिटं खुर्ची, भिंत, पट्टा आणि पिशवी. त्या दिवसांच्या न्याहारीत बिस्किटांऐवजी धिरडं. किती वजन, किती वेळा, हे कॅलेंडरवर लिहीत जा. तीन महिन्यांनी बेंबीच्या पातळीवर टेप लावून कंबर मोजा आणि अर्ध्या मिनिटात खुर्चीवरून किती वेळा उठता येतं ते मोजा. पहिला आकडा उतरायला हवा, दुसरा चढायला हवा. हे दोन आकडे वजनकाट्यापेक्षा तुमच्या पुढच्या तीस वर्षांबद्दल जास्त सांगतील.