रिले पडतो तो मोटर वाचवायला

नदी-धरणाकाठच्या किंवा विहिरीवरच्या थ्री-फेज मोटारीच्या स्टार्टरची पेटी उघडली, की काँटॅक्टरच्या, म्हणजे मोटारीची वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या स्विचच्या, खाली एक छोटा डबा दिसतो. तो ओव्हरलोड रिले.

त्याच्या आत तीन फेजच्या तीन पट्ट्या असतात. प्रत्येक पट्टी दोन धातूंची, एकमेकांना घट्ट चिकटवलेली. तापल्यावर एक धातू जास्त वाढतो, दुसरा कमी, म्हणून पट्टी कमी वाढणाऱ्या बाजूला वाकते. तिला तापवतो तो मोटारीचाच करंट. करंट दुप्पट झाला की उष्णता चौपट. पट्टी पुरेशी वाकली की आतली दांडी ढकलली जाते, काँटॅक्टरच्या कॉइलची वीज तुटते आणि मोटर थांबते. यालाच रिले पडणं म्हणतात.

पट्टीला तापायला वेळ लागतो, आणि तो लागायलाच हवा. सुरू होताना मोटर सहापट करंट ओढते, पण काही सेकंदच. तेवढ्याने रिले पडत नाही. १.२ पट करंट राहिला तर तो दोन तासांच्या आत पडतो. शॉर्टसर्किटला इतका वेळ देता येत नाही. तिथे फ्यूज हवाच.

खरा घात होतो एक फेज गेल्यावर. चालती मोटर थांबत नाही; घुमत, भार ओढत राहते आणि उरलेल्या दोन फेजवर करंट सुमारे पावणेदोन पट होतो. व्होल्टेज उतरलं तरी करंट वाढतो. पाणी भरायची घाई असते, म्हणून अशा वेळी रिले पडू नये यासाठी त्याची डायल वाढवली जाते किंवा तारेचा तुकडा लावून रिलेच बाद केला जातो. मग वायंडिंग जळेपर्यंत मोटारीला थांबवणारं कोणी उरत नाही.

डायलचा आकडा मोटारीच्या नेमप्लेटवरच्या अँपिअरइतका ठेवा. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा फेजच्या करंटवर बसवलेला असतो. तिथे त्या आकड्याच्या ५८ टक्के, म्हणजे २० अँपिअरला साधारण साडेअकरा. रिले पडला तर पट्टी थंड व्हायला काही मिनिटं द्या, तिन्ही फेज आणि व्होल्टेज तपासा, मगच रीसेट दाबा. लगेच पुन्हा पडला, तर त्या दिवशी मोटर चालवू नका, वायरमनला बोलवा.