विमान कुणाच्या ताब्यात?

कारगिल युद्धात २८ मे १९९९ रोजी तोलोलिंगजवळ हवाई दलाचं एमआय-१७ हेलिकॉप्टर क्षेपणास्त्रानं पाडलं गेलं. मग हल्ले जास्त उंचीवरून होऊ लागले. जूनमध्ये मिराज-२००० विमानांनी लेसर-मार्गदर्शित बॉम्बनी टायगर हिलवर अचूक नेम साधला. पायदळाला मदत करणारी विमानं लष्कराकडे असावीत की हवाई दलाकडे? अशी जेट विमानं हवाई दलाकडेच शोभतात: आज पायदळाला मदत, उद्या शत्रूच्या विमानांशी गाठ. हेलिकॉप्टरचं गणित वेगळं. ते आघाडीलगत उतरतं, रणगाड्यांच्या चालीनं सरकतं. ते लष्कराकडेच हवं. जेट हवाई दलाकडेच हवीत यावर, अमेरिकी मरीन्सकडे स्वतःची जेट आहेत, हा आक्षेप खरा. पण समुद्रातून किनाऱ्यावर उतरताना त्यांच्यापाशी जड तोफा कमी असतात, ती उणीव विमानं भरून काढतात. आपल्या लष्कराकडे तोफांची (बोफोर्स आठवा) तशी वानवा नाही.