सब्र म्हणजे गप्प बसणे नव्हे

आपल्या घरांत एक वाक्य फार सहज बोलले जाते: "सब्र कर बेटी." सासरचा जाच असो, भावाने जमिनीतला हिस्सा नाकारलेला असो की मूल गेल्याचे दुःख असो, उत्तर तेच. सांगणाऱ्याचा हेतू चांगला असतो. पण ऐकणारी त्याचा अर्थ 'बोलू नकोस, रडू नकोस' असा घेते. पुढे डोकेदुखीच्या गोळ्या, ॲसिडिटीच्या गोळ्या, झोप नाही, छातीत धडधड. तपासण्यांत काही निघत नाही, आणि मग घरचेच म्हणतात, नाटक करते.

ते नाटक नसते. राग किंवा भीती दाटून आली की ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही संप्रेरके रक्तात उतरतात. हृदयाची गती वाढते, रक्तदाब चढतो, मान आणि जबडा आवळला जातो, पचन मंदावते. संकट समोर उभे असेल तर ही तयारी कामाची. पण तोच जुना अपमान भांडी घासताना आणि रात्री कूस बदलताना पुन्हा पुन्हा आठवला, तर शरीर दर वेळी तीच तयारी करते. अमेरिकेत १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, तीव्र रागानंतरच्या दोन तासांत हृदयविकाराच्या झटक्याचा धोका दुपटीहून अधिक आढळला होता. जपानी डॉक्टरांनी १९९० साली एका विकाराला 'ताकोत्सुबो' असे नाव दिले. मोठ्या मानसिक धक्क्यानंतर हृदयाचा डावा कप्पा फुगतो आणि त्याचा आकार ऑक्टोपस पकडण्याच्या मडक्यासारखा दिसतो, म्हणून हे नाव. रक्तवाहिनी तुंबलेली नसतानाही दुखणे झटक्यासारखेच. पाळी थांबलेल्या स्त्रियांत हे अधिक दिसते.

आपल्या जुन्या हकीमांना हे नाते ठाऊक होते. अबू जैद अल-बल्खी (मृत्यू ९३४) यांनी शरीर आणि मन या दोहोंच्या आरोग्यावर एकच ग्रंथ लिहिला. इब्न सीना यांनी प्रेमात झुरणाऱ्या रोग्याची नाडी धरून निरनिराळी नावे उच्चारण्याची आणि कोणत्या नावाला नाडी बदलते ते पाहण्याची रीत सांगितली आहे. तोंडाने न सांगितलेले नाडी सांगते, एवढा त्यांचा अनुभव.

आणि सब्राचे म्हणाल, तर पवित्र कुरआनात सुंदर सब्राची भाषा करणारे हजरत याकूब (अलै.) स्वतः इतके रडले की त्यांचे डोळे पांढरे झाले. आपले गाऱ्हाणे त्यांनी अल्लाहपुढे मांडले, आतल्या आत गिळले नाही. प्रेषित मुहम्मद (स.) यांचा लहानगा मुलगा इब्राहीम वारला तेव्हा त्यांच्याही डोळ्यांतून अश्रू वाहिले. मग आमच्या मुलाला मय्यतीच्या घरात 'मर्द रडत नाहीत' हे कोण शिकवते? दीन तर नाही.

बायकांची एक अडचण वेगळी. सासरचे दुःख कोणाला सांगितले तर गीबत होईल, ही भीती. चुगलखोरीला सूट नाहीच. पण जी दाद देऊ शकेल किंवा योग्य सल्ला देऊ शकेल अशा व्यक्तीपुढे जुलमाची तक्रार करणे गीबतीत मोडत नाही, हे इमाम नववी यांनी स्पष्ट लिहून ठेवले आहे. हजरत हिंद यांनी पती खर्चाला पुरेसे देत नाही अशी तक्रार प्रेषितांकडे केली, तेव्हा त्यांना गप्प केले गेले नाही. स्वतःला आणि मुलांना पुरेल इतके रीतीप्रमाणे घेण्याची परवानगी मिळाली. ही हदीस बयानात जरा जास्त वेळा यावी असे आम्हांला वाटते.

मन मोकळे करणे म्हणजे आदळआपट मात्र नव्हे. २००२ सालच्या एका प्रयोगात, ज्याचा राग आला त्याला आठवत पंचिंग बॅगवर ठोसे मारणाऱ्यांचा राग उलट वाढला. उभे असाल तर बसा, तरीही राग ओसरला नाही तर आडवे व्हा, ही प्रेषितांची शिकवण शरीराला शांत करणारी आहे.

लिहिणे हा एक साधा उपाय. जेम्स पेनबेकर आणि सँड्रा बील यांनी १९८६ साली कॉलेजच्या विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज पंधरा मिनिटे, आयुष्यातल्या सर्वांत दुखऱ्या प्रसंगाविषयी लिहायला लावले. काय घडले आणि काय वाटले, दोन्ही ज्यांनी लिहिले ते पुढच्या काही महिन्यांत दवाखान्यात कमी वेळा गेले. लगेच हलके वाटले असे नाही, लिहून उठताना ते अधिक उदास होते. नंतरच्या अभ्यासांत हा परिणाम कधी दिसला, कधी अगदी थोडा. पण वहीला खर्च तो काय? मराठीत लिहा, उर्दूत लिहा, शुद्धलेखन कोणी तपासणार नाही (हे आम्ही शिक्षक असूनही सांगतो). वाचायला कोणाला देऊ नका, वाटल्यास फाडून टाका. लिहिताना जीव फारच घाबरला तर तिथेच थांबा.

छातीत दुखले तर मात्र 'टेन्शन असेल' म्हणून वही उघडू नये, आधी डॉक्टर. आणि दुःख वहीत मावत नसेल, जगणेच नकोसे वाटत असेल, तर सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य आहे. तिथे फोन करायला घरात कोणाची इजाजत लागत नाही.