गडमुडशिंगीची बस आणि कोल्हापूरची कोंडी

गडमुडशिंगी (ता. करवीर) - कोल्हापूरच्या वाहतूक कोंडीची चर्चा नेहमी दाभोळकर कॉर्नर, बिंदू चौक आणि महाद्वार रोड यांभोवतीच फिरते. सिग्नलची वेळ, रस्त्यालगतचे पार्किंग, एकेरी मार्ग हे तिचे ठरलेले विषय. परंतु या चौकांत अडकणारी असंख्य वाहने सकाळी शहराबाहेरून निघालेली असतात. महापालिकेच्या हद्दीपलीकडील, पण शिक्षण, नोकरी आणि दवाखान्यासाठी शहराशी बांधलेल्या गावांतून ती येतात. हुपरी रस्त्यावरील गडमुडशिंगी हे त्यांपैकीच एक गाव. शहराच्या कोंडीवरील उपाय शोधायचा, तर अशा गावांच्या बसथांब्यापर्यंत यावे लागते.

फेऱ्यांचे गणित

बसची वाट पाहण्यात किती वेळ जाईल, हे प्रवाशाला ठाऊक नसेल तर तो बसवर विसंबून राहत नाही. महाविद्यालयाची पहिली तासिका किंवा कारखान्याची पाळी बससाठी थांबत नाही. त्यामुळे पहिली संधी मिळताच दुचाकी घेतली जाते, आणि एकदा दुचाकी दारात आली की तो प्रवासी सहसा बसकडे परतत नाही. मागे राहतात ते विद्यार्थी, वृद्ध आणि दुचाकी न चालवणाऱ्या महिला. उत्पन्न घटले म्हणून फेऱ्या कमी होतात आणि फेऱ्या कमी झाल्या म्हणून प्रवासी आणखी घटतात. हे दुष्टचक्र राज्यातील बहुतेक शहर बससेवांनी अनुभवले आहे.

यामागील हिशेब साधा आहे. समजा, एखाद्या मार्गावर बसला जाऊन-येऊन, शेवटच्या थांब्यावरील विश्रांतीसह, ८० मिनिटे लागतात. एकच बस असेल तर ती थांब्यावर ८० मिनिटांनी येईल. चार बस असतील तर दर २० मिनिटांनी. आता शहरातील कोंडीमुळे हीच फेरी १०० मिनिटांची झाली, तर त्याच चार बस दर २५ मिनिटांनी येतील. पूर्वीची सेवा टिकवायची तर पाचवी बस, तिचा चालक, वाहक आणि इंधन यांचा खर्च करावा लागेल. म्हणजे कोंडी प्रवाशाचा वेळ घेतेच, शिवाय बससेवेची एक आख्खी गाडीही गिळते. उलट, मोक्याच्या दोन-तीन चौकांत बसला अडथळ्याविना वाट मिळाली, तर नवी बस न घेताही फेऱ्या वाढवता येतात.

रुंद रस्त्यांची मर्यादा

रस्ते रुंद करणे हा कोंडीवरील सर्वांत लोकप्रिय उपाय. कोल्हापुरात खासगीकरणातून सुमारे ५० किलोमीटरचे रस्ते विकसित झाले. त्यांवरील टोलविरुद्ध मोठे जनआंदोलन उभे राहिले आणि डिसेंबर २०१५ मध्ये राज्य सरकारने टोल रद्द करण्याची घोषणा केली. टोल गेला, रस्ते राहिले, पण कोंडी हटली नाही. मोकळी झालेली जागा नवी वाहने व्यापतात, हा जगभरातील शहरांचा अनुभव आहे. केंद्र सरकारच्या २००६ च्या राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरणानेही वाहनांपेक्षा माणसांच्या वाहतुकीला प्राधान्य द्यावे, अशी भूमिका घेतली होती. पन्नास प्रवाशांची एक बस रस्त्यावरून गेली, तर किमान पंचवीस दुचाकींची गर्दी टळते. त्या दुचाकी उभ्या करण्याचा प्रश्नही मग उरत नाही.

हद्दीचा पेच

कोल्हापूर महापालिकेची स्थापना १५ डिसेंबर १९७२ रोजी झाली. त्यानंतर अनेक दशके शहराची हद्द होती तेवढीच राहिली. वस्ती मात्र हद्द ओलांडून उपनगरांत आणि गावांत पसरली. हद्दवाढीला शेती आणि करवाढीच्या चिंतेतून गावांचा विरोध झाला. ऑगस्ट २०१७ मध्ये लगतच्या ४२ गावांसाठी नागरी विकास प्राधिकरण स्थापन झाले. परंतु हद्दीबाहेरील बसफेरीचा तोटा कोणी सोसायचा, हा प्रश्न शिल्लकच आहे. महापालिकेची परिवहन सेवा, अर्थात केएमटी, ग्रामीण मार्गांवर बस चालवते, तर तिच्या तोट्याचा भार शहरातील करदात्यांवर पडतो. पण फेरी बंद केली, तर तेच प्रवासी दुचाकीवरून शहरात येतात आणि किंमत पुन्हा शहरालाच मोजावी लागते.

पुण्याने २००७ मध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन शहरांच्या बससेवा एकत्र करून ‘पीएमपीएमएल’ स्थापन केली. त्या सेवेचे सर्व प्रश्न त्यामुळे सुटले नाहीत. तथापि प्रवासी कोणत्या हद्दीत राहतो यापेक्षा तो कोठून कोठे जातो, हे पाहूनच सेवा आखावी लागते, हे त्यातून मान्य झाले.

ई-बसने काय साधेल?

ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ‘पीएम ई-बस सेवा’ योजनेला मंजुरी दिली. देशभरात १० हजार विजेवरील बस देण्याच्या या योजनेत कोल्हापूरसाठी १०० बस मंजूर झाल्या. योजनेत बस चालवणाऱ्या ठेकेदाराला धावलेल्या किलोमीटरनुसार मोबदला मिळतो आणि केंद्र त्यासाठी दहा वर्षे साहाय्य देते. तिकिटांच्या उत्पन्नाची जोखीम मात्र स्थानिक यंत्रणेवर राहते. म्हणूनच बस किती आल्या यापेक्षा त्या कोणत्या मार्गावर, किती मिनिटांनी धावतात, हे महत्त्वाचे.

गडमुडशिंगीसारख्या गावांसाठी मागणी फार मोठी नाही. गर्दीच्या वेळी ठरलेल्या अंतराने फेरी, थांब्यावर वाचता येईल असे वेळापत्रक, थांब्यासमोर वाहने उभी करण्यास बंदी आणि रात्रीची शेवटची बस न चुकता, एवढे झाले तरी पुष्कळ. तोट्यातील फेऱ्यांचा वाटा महापालिका, प्राधिकरण आणि ग्रामपंचायतींनी मिळून उचलण्याची पद्धत ठरली, तर हद्दीचा वाद बससेवेच्या आड येणार नाही. हद्दवाढीचा निर्णय कधीही होवो. सकाळच्या तासिकेला निघालेल्या विद्यार्थिनीला उद्याची बस वेळेवर हवी आहे. ती मिळाली, तर दाभोळकर कॉर्नरवरील एक दुचाकी नक्कीच कमी होईल.