ताज्या बर्फाची ओढ

गुलमर्गला रात्रभर बर्फ पडला की अफरवतच्या गोंडोलापुढे दारं उघडण्याआधीच रांग लागते. जवळजवळ चार हजार मीटरवर, कुणी न तुडवलेल्या भुसभुशीत बर्फात पहिली रेघ आपली असावी, एवढ्यासाठी हे स्कीवेडे जगभरातून येतात. पण ताजा थर खालच्या बर्फाला अजून नीट धरलेला नसतो. 30 ते 45 अंशांच्या उतारावर एका माणसाच्या भारानेही तो सुटतो. गाडला गेलेला बहुधा थंडीने नव्हे, गुदमरून दगावतो. दहा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांपैकी नऊ जण वाचतात, अर्ध्या तासानंतर जेमतेम तिघे. इतक्या वेळात बचावपथक क्वचितच पोहोचतं. म्हणून छातीशी सिग्नल देणारं यंत्र, पाठीवर फावडं, शोधकाठी आणि हे सगळं वापरता येणारा सोबती हवाच. सोबती नसेल, तर जाणकार स्कीवाले त्या दिवशी रांगेत उभेच राहत नाहीत.