‘बॉस’ आणि चिकाटी

व्हिडिओ गेममध्ये टप्प्याच्या अखेरीस उभ्या असणाऱ्या बलाढ्य प्रतिस्पर्ध्यास मुले ‘बॉस’ म्हणतात. २०१९ साली आलेल्या ‘सेकिरो’सारख्या खेळांत तो पुन:पुन्हा हरवतो. तरीही मुले हटत नाहीत. कारण त्याच्या हालचालींना क्रम असतो आणि प्रत्येक पराभव त्यातील एखादी खूण दाखवून जातो. तोच मुलगा गणितात नापास झाला की वही मिटतो. तेथे त्याला गुण दिसतात, चूक कोठे झाली ते दिसत नाही.

आपल्या हुबळीच्या गंगूबाई हनगल आगगाडीने कुंदगोळला सवाई गंधर्वांकडे शिकावयास जात. राग मोजके, रियाज अथक! पुढे घशावरील उपचारानंतर आवाज जाड झाला. त्याच आवाजाला त्यांनी आपली ओळख बनविले. खेळातील बॉस आपले नियम सहसा बदलत नाही. आयुष्य मात्र असे अकस्मात बदलते.

खेळावरील ताबा सुटणे हा विकार असल्याचे २०२२ पासून लागू झालेले जागतिक आरोग्य संघटनेचे रोगवर्गीकरणही मानते. म्हणून वेळेची मर्यादा हवीच. परंतु पालकांनी “किती वेळा हरलास?” याऐवजी “हरताना काय उमगले?” असे विचारावे. गुणपत्रिका हाती घेतानाही हाच प्रश्न विचारावा.